एका फोटॉनची साक्ष काढताना

"मॅडम, डिटेक्टरने क्लिक दिला म्हणजे एक फोटॉन आला, हे कशावरून?" एम.एस्सी.च्या वर्गात फोटॉनबद्दल, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाबद्दल, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर मला ठाऊक होते, पण ते वाचून ठाऊक होते. फोटोइलेक्ट्रिक परिणाम शिकवताना धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडला की आपण लगेच प्रकाशाला कण ठरवून मोकळे होतो. खरे तर प्रकाशाला साधी लाट मानून आणि क्वांटम नियम फक्त धातूतल्या इलेक्ट्रॉनांना लावूनही या परिणामाचा बराचसा उलगडा होतो. क्लिक ही डिटेक्टरच्या आत घडणारी घटना आहे. बाहेरून काय आले याबद्दल ती एकटी फारसे काही सांगत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मी पुढे पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ऑप्टिक्स लॅबमध्ये, उन्हाळी सुट्टीत, स्वतः मोजून मिळवले. ते काम कसे झाले ते सविस्तर लिहिते आहे, कारण हे मोजमाप महाविद्यालयात शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले आहे असे मला मनापासून वाटते.

कसोटी अशी. प्रकाशाचा झोत बीम स्प्लिटरवर टाकायचा. तो अर्धा प्रकाश आरपार सोडतो, अर्धा परतवतो. दोन्ही वाटांच्या टोकाला एकेक डिटेक्टर. येणारी लाट असेल तर ती वाटली जाणार, दोन्हीकडे काही ना काही पोचणार आणि दोन्ही डिटेक्टर अधूनमधून एकाच वेळी क्लिक देणार. किती वेळा? निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा व्हायला हवे तितक्या वेळा तरी नक्कीच. लाटेची तीव्रता कमीजास्त होत असेल तर त्याहूनही जास्त वेळा, कारण तीव्रता वाढली की ती दोन्हीकडे एकदमच वाढते. प्रत्यक्षात जुळून आलेले क्लिक भागिले योगायोगाने अपेक्षित असलेले क्लिक, या गुणोत्तराला लॅबच्या बोलीत 'जी-टू' म्हणतात. अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व, भौतिकीत ते १ च्या खाली जाऊच शकत नाही. कोशी-श्वार्ट्झ असमानता वापरली की दोन ओळींत हे सिद्ध होते. एकटा फोटॉन मात्र वाटला जात नाही. तो इकडे तरी जाईल किंवा तिकडे तरी. त्याच्यासाठी जी-टू शून्य.

ही मांडणी मुळात ताऱ्यांसाठी जन्माला आली. निलगिरीतल्या अरुवनकाडू इथे जन्मलेले रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ट्विस यांनी १९५६ मध्ये दोन आरशांवर पडणाऱ्या प्रकाशाचे चढउतार एकमेकांशी ताडून व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास काढला. ताऱ्याच्या प्रकाशात जी-टू १ च्या वर असतो. १ च्या खालची बाजू १९७७ मध्ये किंबल, डॅजेने आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंकडून येणाऱ्या प्रकाशात दाखवली. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी कॅल्शियमच्या अणूतून लागोपाठ निघणाऱ्या दोन फोटॉनांपैकी पहिल्याला वर्दी देणारा केले (तो सापडला की दुसराही निघाला आहे असे समजायचे) आणि दुसऱ्याला बीम स्प्लिटरवर पाठवले. त्यांचा आकडा ०.१८ आला. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांना करता येईल अशा मांडणीत तोच आकडा ०.०१७७ वर आला. मी जे केले ते याच वाटेवरचे आहे.

इथे कोणीही विचारेल की दोन डिटेक्टर कशाला, एकाच डिटेक्टरला पाठोपाठचे क्लिक मोजू द्या. ते चालत नाही. आम्ही वापरत होतो ते सिलिकॉनचे ॲव्हलांच फोटोडायोड एक क्लिक दिल्यावर काही दशक नॅनोसेकंद आंधळे असतात. त्या काळात दुसरा फोटॉन आला तरी त्यांना तो दिसत नाही. एकाच डिटेक्टरवर भरवसा ठेवला तर साध्या लेसरचा प्रकाशही 'एकेक फोटॉन' असल्यासारखा दिसेल, आणि तो गुण प्रकाशाचा नसून यंत्राचा असेल. शिवाय आंधळेपणा संपल्यावर कधीकधी त्याच डिटेक्टरमधून एक खोटा उत्तरक्लिक येतो. म्हणून बीम स्प्लिटर हवा आणि त्यामागे एकमेकांशी संबंध नसलेले दोन डिटेक्टर हवेत.

आमचा उगम होता बीबीओ या स्फटिकाचा. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा डायोड लेसर त्यावर टाकला की क्वचित कधीतरी जांभळ्या प्रकाशाचा एक फोटॉन मोडून ८१० नॅनोमीटरचे दोन फोटॉन होतात. दोघांची ऊर्जा मिळून मूळ फोटॉनइतकी, दोघांचा संवेग मिळून मूळ संवेगाइतका. स्फटिक अशा कोनात कापलेला होता की ही जोडी मूळ झोताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३ अंशांवर बाहेर पडावी. ८१० नॅनोमीटर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. म्हणजे जे शोधायचे ते अदृश्य, अतिशय विरळ, आणि शेजारून त्याच्या कोट्यवधी पट तेजस्वी जांभळा झोत जातो आहे.

अलाइनमेंट, म्हणजे सगळे नेमक्या एका वाटेवर आणणे, हा या कामाचा खरा गाभा आहे, आणि लेखांमध्ये त्याला एक ओळ मिळते. आम्ही उलटीकडून सुरुवात केली. डिटेक्टरला जाणारी फायबर डिटेक्टरपासून सोडवायची, तिच्यात ८१० नॅनोमीटरचा एक दुबळा लेसर उलटा सोडायचा, म्हणजे डिटेक्टर जिथून 'पाहतो' ती वाट उजळते. इन्फ्रारेड कार्डावर तो ठिपका धरत धरत स्फटिकापर्यंत यायचे आणि जांभळा झोत स्फटिकात जिथे शिरतो बरोबर तिथेच तो ठिपका पाडायचा. दुसऱ्या वाटेचेही तसेच. मग उलटा लेसर काढून फायबर पुन्हा डिटेक्टरला जोडायची, खोलीतले दिवे बंद करायचे, हिरव्या मंद दिव्याच्या उजेडात डिटेक्टर चालू करायचे. हा क्रम जराही चुकवायचा नाही. हे डिटेक्टर चालू असताना खोलीचा दिवा लागला तर ते कायमचे बाद होऊ शकतात, आणि त्यांची किंमत ऐकून कोणाचाही हात थरथरेल.

दिवे बंद झाले की डिटेक्टर स्वतःच बोलू लागतात. काहीच प्रकाश नसताना दर सेकंदाला काहीशे क्लिक येतातच. त्यांना डार्क काउंट म्हणतात. त्यावर संगणकाच्या पडद्याचा उजेड, एसीच्या रिमोटचा ठिपका, दाराच्या फटीतून येणारा कॉरिडॉरचा दिवा. काळ्या कापडाचे पडदे, काळी चिकटपट्टी, पुठ्ठ्याचे बोगदे हे सगळे तिथे भारी आरशांइतकेच महत्त्वाचे साहित्य आहे. फिल्टर फक्त ८१० च्या आसपासचा प्रकाश आत सोडतो. तरी क्लिक येत राहतात, त्यातले किती आपल्या जोड्यांचे हे एका डिटेक्टरवरून कळत नाही.

लॅबमध्ये पीएच.डी. करणारा मुलगा माझ्या सोबतीला होता. त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगितले, "मॅडम, सिंगल्सच्या मागे लागू नका. कोइन्सिडन्स वाढतोय का ते बघा." एका डिटेक्टरचे सुटे क्लिक म्हणजे सिंगल्स, दोघांचे जुळलेले म्हणजे कोइन्सिडन्स. त्याचे म्हणणे फार बरोबर होते. स्क्रू फिरवताना सिंगल्स भराभर वाढतात आणि आपल्याला वाटते की जमले, पण तेवढ्यात कोइन्सिडन्स घटलेला असतो, कारण जोड्या स्फटिकातून शंकूच्या आकारात बाहेर पडतात आणि दोन डिटेक्टर त्या शंकूच्या अशा दोन भागांकडे पाहू लागलेले असतात ज्यांची जोडी जमत नाही. जोडीतला एक जिथे जातो त्याच्या बरोबर समोरच दुसरा जातो. कोइन्सिडन्सचा आकडा वर चढू लागला तो क्षण माझ्या आठवणीत पक्का आहे. पडद्यावर आधी दोन आकडी संख्या होती, मग तीन आकडी झाली, मग चार आकडी. अंधारात आम्ही दोघेही काही न बोलता स्क्रूला हात न लावता उभे राहिलो.

मग वेळेची जुळवाजुळव. प्रत्येक क्लिकची वेळ नोंदवणारे टाइम टॅगर यंत्र दोन डिटेक्टरांमधल्या क्लिकच्या वेळेतील फरकांचा आलेख काढते. आलेखात सपाट पठार दिसते आणि त्यातून एक अरुंद सुळका वर आलेला असतो. पठार म्हणजे योगायोगाने जुळलेले क्लिक, सुळका म्हणजे एकाच क्षणी जन्मलेल्या जोड्या. सुळका शून्यावर नव्हता, काही नॅनोसेकंद बाजूला होता, कारण एका डिटेक्टरची केबल लांब होती. मोकळ्या हवेत प्रकाश नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो, फायबरमध्ये सुमारे २०. केबलची लांबी पट्टीने मोजली आणि सुळक्याच्या जागेशी ताडली. जुळली. टेबलावरची प्रत्येक वस्तू अशी वेळेत मोजता येते हे मला फार आवडले.

त्याच आलेखात आणखी एक छोटासा उंचवटा दिसतो, तो ओळखून ठेवावा. ॲव्हलांच डायोडमध्ये विद्युतप्रपात झाला की तो स्वतःच किंचित प्रकाश बाहेर टाकतो. तो प्रकाश फायबरमधून मागे जाऊन, कुठून तरी परतून दुसऱ्या डिटेक्टरवर पोचला तर तिथेही क्लिक येतो. हा खोटा सुळका प्रकाशाला जायला-यायला लागणाऱ्या वेळेइतका बाजूला असतो, म्हणून खिडकी अरुंद ठेवली की तो बाहेर राहतो. खिडकी म्हणजे दोन क्लिक किती अंतराने आले तर त्यांना 'एकाच वेळी' म्हणायचे ती मर्यादा. आम्ही ती सुरुवातीला ८ नॅनोसेकंदांची ठेवली.

आता सांगायचे ते सगळ्यात महत्त्वाचे. अनभिजात, म्हणजे अभिजात चित्रात न बसणारा, प्रकाश मोजायच्या आधी, ज्याचे उत्तर माहीत आहे असा अभिजात प्रकाश त्याच मांडणीतून मोजायचा. लॅबप्रमुख सरांचा हा आग्रह होता आणि त्या आग्रहाचे मोल मला पुढे प्रत्येक पायरीला कळत गेले. आधी लेसर. तोच बीम स्प्लिटर, तेच दोन डिटेक्टर, फक्त फिल्टर लावून अतिशय मंद केलेला लेसर. दोन्हीकडे सेकंदाला सुमारे १ लाख क्लिक येतील इतका. १ लाख गुणिले १ लाख गुणिले ८ नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाला ८० जुळण्या योगायोगाने अपेक्षित. तितक्याच आल्या. जी-टू १. इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते: यंत्रात ८ लिहिले म्हणून खिडकी खरोखर ८ असतेच असे नाही. म्हणून शून्यापासून दूरच्या विलंबाला, जिथे योगायोगाखेरीज काहीच असू शकत नाही, तिथल्या जुळण्या मोजून खिडकीची खरी रुंदी काढायची आणि मग मधला आकडा तिच्याशी ताडायचा.

मग फिरती दुधी काच. लेसरच्या वाटेत घासलेल्या काचेची चकती मोटरवर फिरवली की प्रकाश ठिपक्याठिपक्यांत फुटतो आणि ते ठिपके सरकत राहतात. एका ठिपक्याइतकाच भाग फायबरमध्ये घेतला तर त्याची तीव्रता ताऱ्याच्या प्रकाशासारखी हेलकावते, फक्त हे हेलकावे इतके संथ की साधी उपकरणेही त्यांना पकडतात. इथे जी-टू २ च्या अगदी जवळ येतो. चकती हळू फिरवली की आलेखातला उंचवटा रुंद होतो, जोरात फिरवली की अरुंद. शिकवण्याच्या दृष्टीने मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी ताऱ्यात जे पाहिले ते मोटरचा वेग बदलून टेबलावर दाखवता येते.

त्यानंतर स्फटिकाचा प्रकाश. एका बाजूचा फोटॉन वर्दी देणाऱ्या डिटेक्टरकडे, दुसऱ्या बाजूचा बीम स्प्लिटरकडे आणि त्यामागच्या दोन डिटेक्टरांकडे. वर्दीचे क्लिक सेकंदाला सुमारे ६० हजार. मागच्या दोन डिटेक्टरांवर प्रत्येकी साधारण ४० हजार. वर्दीशी जुळलेले क्लिक दोन्हींवर प्रत्येकी ३ हजारांच्या आसपास. आता हिशेब मांडा. प्रकाश लाट असती तर वर्दी आल्यावर दोन्ही मागचे डिटेक्टर एकदम क्लिक देण्याचे प्रमाण किमान ३ हजार गुणिले ३ हजार भागिले ६० हजार, म्हणजे सेकंदाला १५० असायला हवे होते. पडद्यावर आकडा होता सेकंदाला दोनच्या आसपास. कधी एक, कधी तीन, कधी शून्य. जी-टू ०.०१३.

सेकंदाला दोन हा आकडा छोटा आहे, म्हणून धीर लागतो. १० मिनिटे मोजले की हजार-बाराशे तिहेरी जुळण्या गोळा होतात, आणि त्यांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे ३ टक्के, अनिश्चितता उरते. १ पासून हे अंतर इतके प्रचंड आहे की सांख्यिकीची शंका उरतच नाही. उरते ती पद्धतीची शंका, आणि ती एकेक करून फेडावी लागते.

पहिली शंका: हे क्लिक खरोखर स्फटिकात जन्मलेल्या जोड्यांचेच आहेत का, की जांभळ्या लेसरने काचेतून, गोंदातून उठवलेल्या चमकेचे? यासाठी जांभळ्या झोताचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा, ९० अंशांनी वळवायचे. लेसरची शक्ती तीच राहते, चमक जवळजवळ तीच राहते, पण स्फटिकातला संवेगाचा हिशेब जुळेनासा होतो आणि जोड्या बनणे थांबते. आम्ही ध्रुवीकरण वळवणारी वेव्हप्लेट फिरवली. सिंगल्स उतरले पण शून्य झाले नाहीत. कोइन्सिडन्स मात्र पठारावर आला. शंका फिटली.

दुसरी शंका: शून्य का नाही आले? उरलेले ०.०१३ कुठून आले? याचे उत्तर आकड्यांतच होते. एका मागच्या डिटेक्टरवर खऱ्या जोडीचा क्लिक आला, आणि त्याच ८ नॅनोसेकंदांत दुसऱ्यावर कुठल्यातरी भलत्याच जोडीचा किंवा भटका क्लिक आला, असे किती वेळा होईल? ३ हजार गुणिले ४० हजार गुणिले ८ नॅनोसेकंद, आणि हे दोन्ही बाजूंनी, म्हणून दुप्पट. सेकंदाला १.९. म्हणजे उरलेल्या जुळण्या जवळजवळ पूर्णपणे योगायोगाच्या होत्या. नुसत्या हिशेबावर न थांबता खिडकी ८ वरून ४ वर आणली. जी-टू अर्धा झाला. लेसरची शक्ती निम्मी केली. पुन्हा अर्धा झाला. दोन वेगवेगळ्या बाजूंनी ढकलून आकडा अपेक्षेप्रमाणे हलला, तेव्हा मला तो आकडा खऱ्या अर्थाने कळला असे म्हणता येईल.

तिसरी तपासणी शंका म्हणून केली नव्हती, पण तिनेच मला सगळ्यात जास्त शिकवले. वर्दी देणाऱ्या डिटेक्टरकडे दुर्लक्ष केले आणि बीम स्प्लिटरमागच्या दोघांचाच जी-टू काढला. झोत तोच, स्फटिक तोच, एक स्क्रूही हलवलेला नाही. ४० हजार गुणिले ४० हजार गुणिले ८ नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाला १३ च्या जवळपास, आणि तितक्याच जुळण्या आल्या. जी-टू १. वर्दीची अट काढून घेतली की तोच प्रकाश या कसोटीवर अगदी साध्या प्रकाशासारखा वागतो. एकटेपणा झोतात सरसकट भरलेला नसतो. 'जोडीदार आत्ताच तिकडे सापडला' या माहितीसकट जो प्रकाश निवडला जातो, त्याच्या अवस्थेचा तो गुण आहे. क्वांटम अवस्था ही आपल्या माहितीशी किती घट्ट बांधलेली असते हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते. दोन आलेख शेजारी ठेवून पाहणे ही निराळी गोष्ट आहे.

कामाचा शेवटचा भाग पावसाळा लागल्यावर झाला, आणि पुण्याच्या पावसाळ्यात बीबीओ सांभाळणे हे वेगळेच काम आहे. हा स्फटिक ओल धरतो. काम संपले की तो सिलिका जेलच्या डबीत, आणि लॅबमध्ये आर्द्रता काढून टाकणारे यंत्र सतत चालू. एसी बंद पडला की टेबलाचे तापमान सरकते, फायबरच्या तोंडाशी पडणारा ठिपका काही मायक्रोमीटर हलतो आणि काउंट घसरतो. वीज गेली तर सगळे स्थिरावायला पुन्हा काही तास.

त्याच लॅबच्या दुसऱ्या टेबलावर स्क्वीझ्ड, म्हणजे एका बाजूने गोंगाट दाबलेल्या, प्रकाशाचे काम चालते, आणि तिथे प्रश्न विचारण्याची पद्धतच वेगळी आहे. तिथे फोटॉन मोजत नाहीत, लाटेचे विद्युतक्षेत्र मोजतात. ज्याचा अभ्यास करायचा तो दुबळा प्रकाश आणि त्याच रंगाचा एक जोरकस लेसर, ज्याला लोकल ऑसिलेटर म्हणतात, हे बीम स्प्लिटरवर मिसळायचे, दोन्ही बाजूंच्या साध्या फोटोडायोडांचे प्रवाह एकमेकांतून वजा करायचे. ही होमोडाइन पद्धत. गंमत अशी की दुबळ्या प्रकाशाची वाट काळ्या पुठ्ठ्याने बंद केली तरी वजाबाकी शून्य येत नाही. तिथे निर्वाताचा स्वतःचा गोंगाट असतो. तो खरोखर निर्वाताचा आहे हे कसे ओळखायचे? लोकल ऑसिलेटरची शक्ती दुप्पट केली की निर्वाताच्या गोंगाटाची शक्ती दुप्पट होते. लेसरच्या स्वतःच्या थरथरीचा गोंगाट चौपट होतो. सरळ रेषा आली तरच पुढे जायचे. स्क्वीझ्ड प्रकाश आत सोडला की काही कलांना (लाटेच्या चक्रातल्या काही टप्प्यांना) गोंगाट त्या निर्वाताच्या रेषेखाली जातो आणि त्याबदल्यात दुसऱ्या कलांना वर उसळतो. पडद्यावर ती रेषा निर्वाताच्या खाली उतरताना पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या अमेरिकेतल्या बहिणी असाच प्रकाश २०१९ पासून त्या लहरी ऐकायला वापरत आहेत.

या टेबलावर मला कळले की अनभिजातपणा ही एकच एक राशी नाही. माझ्या टेबलावर प्रकाश वाटेत कितीही हरवला तरी जी-टू बदलत नाही. १०० पैकी ९० फोटॉन गळाले तरी अंश आणि छेद दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. म्हणूनच हे मोजमाप सामान्य आरसे, सामान्य फायबर घेऊन जमते. माझ्याकडे वर्दी मिळाल्यावर मागे फोटॉन सापडण्याचे प्रमाण, दोन्ही डिटेक्टर मिळून, ६० हजारांत ६ हजार, म्हणजे जेमतेम १० टक्के होते, तरीही उत्तर स्वच्छ आले. होमोडाइनमध्ये तसे नाही. तिथे हरवलेल्या प्रत्येक फोटॉनच्या जागी निर्वात शिरतो आणि आपला गोंगाट मिसळतो.

एका फोटॉनच्या अवस्थेचे विग्नर फलन, म्हणजे तिच्या विद्युतक्षेत्राच्या शक्य किमतींचा एक प्रकारचा नकाशा, काढले तर ते मध्यबिंदूशी ऋण असते. शक्यतेसारख्या दिसणाऱ्या फलनाचे ऋण होणे कुठल्याही अभिजात चित्रात बसत नाही. पण हे ऋणपण टिकायला एकूण कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर लागते. कार्यक्षमता जितकी असेल तिची दुप्पट १ मधून वजा करायची. उरते त्याचे चिन्ह तेच विग्नर फलनाचे मध्यबिंदूशी चिन्ह. २००१ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ इथे ल्वोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ५५ टक्के कार्यक्षमतेने ती रेषा ओलांडली आणि ऋण किंमत दाखवली. माझा १० टक्क्यांचा आकडा घ्या, डिटेक्टरच्या स्वतःच्या उणिवा वजा करून तो २० टक्के धरा. तरी मध्यबिंदूशी किंमत ठसठशीत धनच येईल. म्हणजे जी-टूच्या कसोटीवर जो प्रकाश इतका निर्विवाद अनभिजात ठरला, तोच विग्नर फलनाच्या कसोटीवर काहीच दाखवणार नाही. दोन्ही मोजमापे खरी आहेत. 'हा प्रकाश क्वांटम आहे का' असा सरसकट प्रश्न विचारण्यात मला आता अर्थ वाटत नाही. कोणत्या मोजमापाला, किती गळतीनंतर, हे आधी सांगायला हवे.

या सगळ्याच्या तळाशी असलेली अनभिजातपणाची नेमकी व्याख्या १९६३ मधली आहे, आणि ती देणाऱ्यांत ई. सी. जी. सुदर्शन आहेत. उमेदीच्या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या सुदर्शन यांनी दाखवले की प्रकाशाची कोणतीही अवस्था लेसरसारख्या अवस्थांच्या मिश्रणाच्या रूपात लिहिता येते, मात्र त्या मिश्रणातले वजन कधीकधी ऋण किंवा त्याहूनही विचित्र असावे लागते. वजन साध्या शक्यतेसारखे असेल तोवर प्रकाश अभिजात. ते तसे राहिले नाही की अनभिजात. जी-टू १ च्या खाली गेला, तर वजन साधे असूच शकत नाही. रॉय ग्लॉबर यांनीही त्याच वर्षी या विषयाचा पाया घातला आणि २००५ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. सुदर्शन यांना मिळाला नाही. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि सांगताना दरवर्षी वाईट वाटते. माझ्या १० टक्क्यांच्या गळक्या झोतालाही सुदर्शन यांची व्याख्या अनभिजातच म्हणते, कितीही गळती झाली तरी म्हणते. विग्नर फलनाला जे दिसत नाही ते तिला दिसते.

आपल्या महाविद्यालयात हे उभारावे असे ज्यांना वाटते त्यांना माझे सांगणे एवढेच, की स्फटिकापासून सुरुवात करू नका. आधी एक चांगला टाइम टॅगर, दोन डिटेक्टर आणि पूर्ण अंधार करता येईल अशी खोली मिळवा. मंद लेसरवर जी-टू १ आणि फिरत्या दुधी काचेवर २ च्या जवळ येईपर्यंत तिथेच थांबा. यातच विद्यार्थ्यांचे एक सत्र भरून जाईल इतके शिकण्यासारखे आहे. योगायोगाच्या जुळण्या कागदावर काढता येऊ लागल्या, खिडकीची खरी रुंदी स्वतः मोजता आली आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळू लागले की मग बीबीओ मागवा, आणि त्याच्याबरोबर सिलिका जेलची डबीही.